बिंदू चौक ते मोबाइलचा स्टेटस

२०२५ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. कोल्हापूर जिल्ह्यात मोबाइलच्या दुकानांत माणसं एकच मागणी घेऊन येत होती: जिओचं कार्ड नको, दुसऱ्या कंपनीचं द्या. नेटवर्कची तक्रार नव्हती, दराचीही नव्हती. शिरोळ तालुक्यातल्या नांदणी गावच्या जैन मठात तेहतीस वर्षं राहिलेली महादेवी ही हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं गुजरातेत जामनगरच्या वनतारा केंद्रात नेली होती. वनतारा अनंत अंबानींचं. जिओही त्याच घराण्याच्या उद्योगसमूहाचं. एवढा धागा गावागावांत पुरेसा ठरला.

पोर्ट करायला मोठं धाडस लागत नाही. मेसेजमध्ये पोर्ट हा शब्द, पुढं आपला नंबर, आणि तो १९०० ला पाठवायचा. आठ अक्षरी कोड येतो. तो आणि आधार कार्ड घेऊन दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर जायचं. नंबर तोच राहतो, कंपनी बदलते. २०११ च्या जानेवारीत ही सोय देशभर सुरू झाली तेव्हा ती ग्राहकाच्या हिताची म्हणून आली होती. कोल्हापूरनं तिला निषेधाचं हत्यार केलं. पोर्ट झाल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून स्टेटसला लावायचा, तो बघून भावकीतल्या, तालमीतल्या, दूध संस्थेच्या ग्रुपवरच्या दहा जणांनी तेच करायचं. यासाठी कुणी मंडप घातला नाही, कुणी रस्ता अडवला नाही, आणि देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एका उद्योगसमूहाला आठवड्याच्या आत कोल्हापूरशी बोलावं लागलं.

हे एका आठवड्यात घडलेलं नाही. दहा-पंधरा वर्षांत या शहराची आंदोलनं उभी करण्याची आणि ती सांगण्याची रीत बदलत गेली. तिचा माग काढायचा तर सुरुवात टोलपासून करावी लागते.

कोल्हापूर शहरातल्या ४९.९९ किलोमीटर रस्त्यांचं काम सुमारे २२० कोटी रुपयांच्या करारावर आयआरबी कंपनीला दिलं होतं. बांधा, वापरा, हस्तांतर करा, आणि तोवर तीस वर्षं टोल घ्या, अशी ती पद्धत. शहराच्या वेशीवर नऊ नाके उभे राहिले. गावाबाहेरच्या महामार्गावर टोल देणं लोकांना ठाऊक होतं. पण सकाळी भाजी घेऊन शहरात येणाऱ्यानं, पोराला शाळेत सोडणाऱ्यानं, शेजारच्या गावातून दवाखान्यात येणाऱ्यानं आपल्याच शहरात शिरताना पैसे मोजायचे, हे कोल्हापूरला पटलं नाही. शिवाय रस्त्यांची कामं अर्धवट आणि निकृष्ट आहेत ही तक्रार होतीच. सर्वपक्षीय कृती समिती झाली. अध्वर्यू होते एन. डी. पाटील, वयाची ऐंशी ओलांडलेले. बरोबर गोविंद पानसरे. ‘देणार नाय, देणार नाय, टोल आम्ही देणार नाय’ ही घोषणा शाळकरी पोरांच्या तोंडी बसली.

त्या वेळी मोबाइल घरोघरी होते, पण बहुतेकांच्या हातातला फोन बोलण्यापुरता आणि मिस्ड कॉलपुरता होता. आंदोलनाचा निरोप जुन्या वाटेनं जायचा. समितीची बैठक होई. तिथून तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांकडं निरोप. चौकातल्या फळ्यावर खडूनं तारीख, वेळ आणि जमायचं ठिकाण. रिक्षावर भोंगा. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात बैठकीची बातमी, आणि त्याखाली सहभागी संघटनांची लांबलचक नावं. कोल्हापुरात पेपर वाचायची तऱ्हा वेगळी आहे. चहाच्या टपरीवर एक पेपर आठ जण वाचतात आणि सोळा जण ऐकतात. त्यामुळं त्या नावांच्या यादीला वजन होतं. ज्या संघटनेचं नाव छापून आलं, तिला मोर्चाला यावंच लागे. आलं नाही तर पेठेत विचारणारे होते.

या रीतीला वेग नव्हता. दोन मोर्चांमध्ये महिने जात. कोर्टात स्थगिती येई, उठे, वसुली बंद पडे, पोलिस बंदोबस्तात पुन्हा सुरू होई. १२ जानेवारी २०१४ ला लोकांचा संयम सुटला आणि टोलनाके फोडले, पेटवले गेले. जळणारे नाके वृत्तवाहिन्यांनी दिवसभर दाखवले. ज्या आंदोलनाच्या सभा, निवेदनं आणि धरणी मुंबई-दिल्लीच्या पडद्यावर फारशी पोचली नव्हती, ते आगीमुळं पोचलं. ही खंत तेव्हाही होती आणि ती रास्त होती. तरीही लढा आगीच्या हाती गेला नाही. समिती जागेवर होती, म्हातारा नेता जागेवर होता, आणि काय करायचं, कुठं थांबायचं हे विचारायला लोकांना एक दार होतं. १६ फेब्रुवारी २०१५ ला पानसरेंवर कोल्हापुरात, त्यांच्या घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. त्या धक्क्यातूनही लढा सुटला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारनं कोल्हापूरचा टोल रद्द करत असल्याचं जाहीर केलं.

एन. डी. किंवा पानसरे शहरातल्या बिंदू चौकात उभे राहून बोलत, तेव्हा आकडा चुकला तर दुसऱ्या दिवशी त्यांना धरून विचारता येत असे. पेपरात बातमी आली तर संपादकाचं नाव शेवटच्या पानावर छापलेलं असे. चुकीच्या मजकुराला धनी होता.

या धनीपणाचा एक फार जुना धडा कोल्हापूरच्याच नावानं मराठी पत्रकारितेच्या इतिहासात नोंदलेला आहे. ‘केसरी’ सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, वयानं लहान. त्यांना वेड लागल्याचं इंग्रज अधिकारी सांगत होते, आणि दिवाण महादेव वासुदेव बर्वे त्यांचा छळ करतात, असं पुण्यात बोललं जात होतं. काही पत्रं हाती आली. त्यांच्या आधारानं ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं दिवाणांवर तोफ डागली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. जामिनाचे दहा हजार रुपये जोतीराव फुल्यांच्या पुढाकारानं रामशेठ उरवणे यांनी भरले होते. मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं. महाराजांच्या हालांबद्दलचा संशय खोटा होता असं मात्र कुणी म्हणू शकलं नाही. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. कळकळ खरी होती, कागद खोटे होते, आणि खोट्या कागदांची किंमत ज्यांनी ते छापले त्यांनी मोजली.

अर्थात जुन्या व्यवस्थेचं गुणगान करताना तिची बंद दारं विसरता येणार नाहीत. १९२० च्या जानेवारीत बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढलं, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. त्याच ‘केसरी’नं या पत्राची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नव्हती. दोन महिन्यांनी माणगावला परिषद झाली, शाहू महाराज स्वतः गेले, आंबेडकरांना त्यांनी तुमचे पुढारी म्हणून लोकांपुढं उभं केलं. ज्यांची बातमी कुणी छापत नव्हतं त्यांना स्वतःचं पत्र काढावं लागलं, आणि पत्र काढायला छापखाना, कागद, पैसा आणि एक राजा लागला. आज शिरोळच्या मळ्यातली पोरगी पुराचं पाणी गोठ्यात शिरताना व्हिडिओ काढते आणि तासाभरात तो तहसीलदारांच्या फोनवर असतो. ही कमाई छोटी नाही. मोबाइलला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही.

आता २०१६. १३ जुलैला कोपर्डीत एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्याच्या निषेधात ९ ऑगस्टला औरंगाबादेत मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा निघाला आणि पुढं जिल्ह्यामागून जिल्हा रस्त्यावर आला. याच काळात, ५ सप्टेंबरला, जिओ बाजारात आलं. कॉल फुकट, इंटरनेटही वर्षअखेरपर्यंत फुकट. ज्या पोरांनी तोवर नेट मोजून वापरलं होतं त्यांच्या हातात एकाएकी व्हिडिओचा नळ सुटला. कोल्हापूरचा मोर्चा १५ ऑक्टोबरला झाला.

मूक मोर्चाची सगळी शिस्त व्हॉट्सॲपवरून गावोगाव गेली: घोषणा द्यायच्या नाहीत, पुढाऱ्यांनी मागं राहायचं, मुली पुढं, निवेदन मुलींनी द्यायचं, कचरा मागं ठेवायचा नाही, वाहनं अमुक ठिकाणी लावायची. चौकातल्या फळ्यावर मावला नसता एवढा हा मजकूर. वरून ड्रोननं काढलेली दृश्यं दुपारी घरी बसलेल्या आजीपर्यंत पोचली. त्या दृश्यांनी एक जुनी भांडणाची जागा मिटवली. मोर्चा किती मोठा, हे पूर्वी पोलिस एक सांगत, संयोजक दुसरं, पेपर मधलं काहीतरी छापत. आता ज्यानं त्यानं स्वतः बघितलं.

पेपर आणि वाहिन्यांना हे उमगायला वेळ लागला. पहिले मोर्चे निघाले तेव्हा मुंबईच्या मोठ्या दैनिकांनी आणि इंग्रजी वाहिन्यांनी त्यांची दखल घेतली नाही, हा राग मोर्चाच्या ग्रुपवर उघड दिसत होता. सप्टेंबर २०१६ मध्ये शिवसेनेच्या ‘सामना’त मूक मोर्चाची थट्टा करणारं व्यंगचित्र आलं. पूर्वी असा प्रकार झाला असता तर संपादकाला चार पत्रं गेली असती. आता ते चित्र दिवसभरात लाखो फोनवर गेलं, ‘सामना’च्या कार्यालयांवर दगड पडले आणि उद्धव ठाकरेंना जाहीर माफी मागावी लागली. दगडांचं समर्थन कुणी करू नये. पण काय छापायचं आणि काय नाही हे एकट्या संपादकाच्या टेबलावर ठरण्याचे दिवस संपले, हे महाराष्ट्राला त्या आठवड्यात कळलं.

मोर्चा मूक होता म्हणून त्याला आवाज देण्याचं काम फोननं केलं, पण शिस्त फोनची नव्हती. ती शिस्त होती जिल्ह्याजिल्ह्यातल्या बैठकांची, वाडी-वस्तीवर फिरलेल्या कार्यकर्त्यांची, स्वयंसेवकांच्या यादीची. कोल्हापूरच्या मोर्चामागंही पेठा, तालमी आणि गावची मंडळं उभी होती. निरोप नवा, निरोप्या जुनाच.

निरोप्याच नसेल तर काय होतं ते दोन वर्षांत दिसलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. व्हॉट्सॲपनं त्याच महिन्यात भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्रावरची मर्यादा आली. गावात आलेल्या परक्या माणसाला ‘कुठलं रं तुम्ही?’ असं नीट विचारण्याची सवय मात्र कंपनीच्या हाती नव्हती.

कोल्हापूरची पाळी जून २०२३ मध्ये आली. या शहराबद्दल लिहिताना ही तारीख टाळता येत नाही आणि टाळूही नये. ६ जून, शिवराज्याभिषेक दिन. काही तरुणांनी औरंगजेब आणि टिपू सुलतान यांचं उदात्तीकरण करणारे स्टेटस ठेवले. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप पुसला जातो, आणि ज्यांनी एकमेकांचे नंबर साठवलेले असतात त्यांनाच तो दिसतो. म्हणजे ते पोरसवदा स्टेटस फार तर शे-दोनशे ओळखीच्यांनी बघितले असते आणि दुसऱ्या दिवशी उरलेही नसते. पण कुणीतरी स्क्रीनशॉट काढला. स्क्रीनशॉटला चोवीस तासांचं बंधन नाही, ओळखीचंही नाही. तो ग्रुपवरून ग्रुपवर गेला आणि ज्यांच्यासाठी तो मजकूर कधीच नव्हता अशा हजारोंनी तो बघितला. मूळ स्टेटस काही जणांचा होता; तो शहरभर पोचवला तो त्यावर चिडलेल्यांनीच.

दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, हिंदुत्ववादी संघटनांनी बंदची हाक दिली. छत्रपती शिवाजी महाराज चौकात जमाव जमला. तिथून तो गल्लीबोळांत पांगला, दुकानांवर, घरांवर, गाड्यांवर दगड पडले. पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधुराची नळकांडी फोडली. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद केलं. ज्या दुकानदाराचा स्टेटसशी काडीचा संबंध नव्हता त्याच्या दुकानाच्या काचा फुटल्या.

टोलच्या वेळीही नाके जळाले होते, मग फरक कुठं, असं कुणी विचारील. माझ्या मते फरक मोठा आहे. टोलचा राग एका करारावर होता आणि मागणी सरकारकडं होती. जमाव हाताबाहेर गेला तरी परत फिरायला त्याला एक समिती होती. ७ जूनला हाक देणारे होते. जमाव चौकातून गल्लीत वळल्यावर त्याला नाव घेऊन थांबवणारं कुणी पुढं आलं नाही. स्क्रीनशॉट कुणी काढला, पहिला फॉरवर्ड कुणाचा, त्याखाली मसालेदार ओळी कुणी जोडल्या, याचा धनी नव्हता. १८८२ मध्ये खोट्या पत्रांचे धनी डोंगरीला गेले. २०२३ मध्ये एका खऱ्या स्क्रीनशॉटचा भार शेजाऱ्यांच्या काचांवर पडला.

नेट बंद असताना शहर पुन्हा एकदा पेपरावर आणि एकमेकांच्या तोंडावर आलं. तेच शहर वर्षभरापूर्वी, ६ मे २०२२ ला, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता जागच्या जागी शंभर सेकंद उभं राहिलं होतं. तो निरोपही फोनवरून फिरला होता. पण त्यामागं शासन होतं, शाळा होत्या, मंडळं होती. दंगलीनंतर त्याच जून महिन्यात सद्भावना रॅली निघाली. लोकांनी रॅलीच्या व्हिडिओचे स्टेटस ठेवले. जखमेवर फुंकर घालायलाही आता तेच साधन होतं.

नांदणीची गोष्ट या सगळ्यानंतरची, आणि म्हणूनच ती नीट बघण्यासारखी आहे. नांदणीचा मठ हे जैन समाजाचं मोठं पीठ. महाराष्ट्र आणि कर्नाटकातली सातशेवर गावं त्याच्याशी जोडलेली. मठात हत्ती ठेवण्याची परंपरा पिढ्यान् पिढ्यांची. महादेवी, जिला माधुरीही म्हणतात, १९९२ मध्ये मठात आली. पंचकल्याणक पूजेला, मिरवणुकीला तीच पुढं. नांदणीतली चाळिशीतली माणसं तिच्याबरोबर वाढली.

‘पेटा इंडिया’ या प्राणिहक्क संस्थेनं तक्रार केली: हत्तिणीच्या पायांना जखमा आहेत, सांध्यांचा त्रास आहे, ती एकटी आहे, तिला सिमेंटच्या जमिनीवर साखळीत ठेवलं जातं, मिरवणुकांसाठी परवानगीशिवाय राज्याबाहेर नेलं गेलं. प्रकरण न्यायालयानं नेमलेल्या उच्चाधिकार समितीपुढं गेलं. समितीनं तिला वनताराच्या संस्थेकडं सोपवायला सांगितलं. मठ उच्च न्यायालयात गेला. १६ जुलै २०२५ ला न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि नीला गोखले यांच्या खंडपीठानं समितीचा निर्णय कायम ठेवला. धार्मिक कामासाठी हत्ती वापरण्याच्या माणसाच्या हक्कापेक्षा हत्तीचा चांगल्या जगण्याचा हक्क वरचढ, असं या निकालाचं सूत्र होतं. सर्वोच्च न्यायालयातही मठाला दिलासा मिळाला नाही.

२८ जुलैच्या रात्री महादेवी निघाली. गाव रस्त्यावर होतं. बायका ओवाळत होत्या, म्हातारे रडत होते. पोलिसांच्या गाड्यांवर दगडही पडले, गुन्हे दाखल झाले. त्या रात्रीच्या एका दृश्यानं पुढचे दहा दिवस चालवले: फोनच्या उजेडात हत्तिणीचा डोळा, आणि त्यातून गालावर ओघळलेली ओली रेघ. ‘महादेवी रडली.’ हत्तीला आपल्यासारखी अश्रुवाहिनी नसते. डोळ्यातला ओलावा आत निचरून जात नाही, तो गालावरून वाहतो. हत्ती खुशीत असला तरी ती रेघ दिसते. पण नांदणीच्या माणसांना जे वाटलं ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. रडत होती ती माणसं, आणि त्यांचं रडणं त्यांनी तिच्या डोळ्यात बघितलं. पेपरांनी आणि वाहिन्यांनी मात्र ती रेघ जशी आली तशी बातमी करून छापली आणि दाखवली. निकालपत्रात पायांच्या जखमांबद्दल, एकटेपणाबद्दल काय लिहिलं होतं ते त्या दहा दिवसांत किती वाचकांना कळलं? रीलमध्ये निकालपत्र मावत नाही. ते सांगण्याची जागा पेपरात होती, आणि ती जागा पुष्कळदा रीलचंच वर्णन करण्यात गेली. या प्रकरणातली माझी मोठी तक्रार हीच आहे.

वार्तांकनाची साखळीच उलटी झाली होती. पूर्वी बातमीदार घटनेवर जाई, बातमी छापून येई, मग तिची चर्चा. आता गावातल्या पोराचा व्हिडिओ आधी, मोबाइलवर चालणाऱ्या स्थानिक चॅनेलचं लाइव्ह त्यामागून, मग मराठी वाहिन्या, आणि शेवटी, जिओवरच्या बहिष्कारानं अंबानींचं नाव आलं तेव्हा, दिल्लीची मंडळी जागी झाली. हत्तीण निघाली तेव्हा ती स्थानिक बातमी होती. सिमकार्डं बदलायला लागली तेव्हा ती राष्ट्रीय झाली. किती कार्डं बदलली याचे मोठमोठे आकडे मोबाइलवर फिरले आणि वाहिन्यांनी ते तसेच उचलले. दुसऱ्या बाजूनं पेपरचं मोल वेगळ्याच तऱ्हेनं टिकलं. मोर्चाची छापील बातमी कापून, तिचा फोटो काढून लोक स्टेटसला ठेवत होते. आपण म्हणतो ते पेपरात आलंय, हे दाखवण्यासाठी.

आणि इथं जुने निरोप्ये पुढं आले. मठाधिपती जिनसेन भट्टारक महास्वामी होते, त्यांच्या शब्दाला सातशे गावांत मान होता. शेतकरी नेते राजू शेट्टी शिरोळचेच. जयसिंगपूरची ऊस परिषद वर्षानुवर्षं भरवणारी, २०२३ च्या नोव्हेंबरात शिरोलीच्या पुलावर महामार्ग तासन् तास रोखून धरणारी संघटना त्यांच्यामागं. काँग्रेसच्या सतेज पाटलांनी सह्यांची मोहीम काढली. ऑनलाइन याचिकेवर बोट टेकवण्याच्या काळात दोन लाखांवर माणसांनी कागदावर सह्या केल्या आणि ते अर्जांचे गठ्ठे पोस्टानं राष्ट्रपतींकडं रवाना झाले. ग्रामसभांनी ठराव केले. ३ ऑगस्टला, रविवारी, पहाटे नांदणीतून मूक पदयात्रा निघाली आणि सुमारे ४५ किलोमीटर चालून संध्याकाळी कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर आली. हजारो माणसं, वाटेत गावोगाव पाणी, केळी, चहा. शेट्टी सगळी वाट चालले. २८ जुलैच्या रात्री दगड होते. ३ ऑगस्टला दगड नव्हते. त्या सहा दिवसांत राग कमी झाला नव्हता. त्याला चालायला रस्ता मिळाला होता आणि पुढं चालणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं.

वनताराचे अधिकारी कोल्हापुरात येऊन मठाधिपतींना भेटले. ५ ऑगस्टला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी मुंबईत बैठक घेतली. मठ सर्वोच्च न्यायालयात फेरविचार मागेल, राज्य सरकारही त्यात उतरेल असं ठरलं. दुसऱ्या दिवशी वनतारानं निवेदन काढलं: आम्ही न्यायालयाच्या आदेशानुसारच वागलो, तरी लोकांच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमा, आणि नांदणीजवळच महादेवीसाठी पुनर्वसन केंद्र उभारायला मदत करायची तयारी आहे. निवेदनात ‘मिच्छामि दुक्कडम्’ हे जैनांचे क्षमेचे शब्द होते. उद्योगसमूहाच्या कार्यालयातून निघालेल्या कागदावर शिरोळ तालुक्यातल्या मठाची भाषा उमटली. पूर्वीच्या कुठल्या मोर्चाला एवढ्या लवकर असं उत्तर मिळाल्याचं मला आठवत नाही.

यानंतर गोष्ट मोबाइलच्या हातून निसटून कागदांकडं गेली. याच गदारोळात वनताराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या. २५ ऑगस्टला न्यायालयानं माजी न्यायमूर्ती चेलमेश्वर यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं. पण नेमतानाच म्हटलं की या याचिका केवळ बातम्या, समाजमाध्यमांवरचा मजकूर आणि संस्थांच्या तक्रारींवर उभ्या आहेत, पुरावा जोडलेला नाही. १५ सप्टेंबरला पथकाचा अहवाल स्वीकारून न्यायालयानं वनताराला निर्दोष ठरवलं. दहा दिवसांत ज्या वाऱ्यानं एका उद्योगसमूहाला नमवलं, त्याला न्यायालयाच्या टेबलावर वजन नव्हतं.

नांदणीकरांना हे आधीच उमगलं असावं, कारण त्यांनी त्या वाऱ्यावर विसंबून राहण्याचं टाळलं. मठाचे अर्ज सर्वोच्च न्यायालयातून पुन्हा उच्चाधिकार समितीकडं गेले. तिथं विचारले गेले ते प्रश्न वेगळे होते: केंद्रासाठी जागा किती, पाण्याचं तळं केवढं, पायांच्या उपचाराला पशुवैद्य कोण, जमीन मऊ मातीची की सिमेंटची, आणि महादेवीला सोबत कुणाची.